दिवस बुडायच्या आत

"झालं का तुमचं?" इन्सुलिनचं पेन हातात धरून चंदनबालांनी विचारलं.

धन्यकुमारांनी डोळे न उघडता हातानंच 'थांब' अशी खूण केली. पोटावरचा सदरा वर, पाठ ताठ आणि चेहऱ्यावर कमालीची शांती. बाहेर सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला होता.

आष्ट्याच्या बाजारात ज्यांच्या आवाजानं हमाल दचकायचे, ते धन्यकुमार सुईला भीत. साखर वाढली तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी संध्याकाळच्या जेवणाआधी इन्सुलिन लिहून दिलं आणि तिथल्या नर्सबाईंनी भीती घालवायचा उपायही शिकवला. नाकानं श्वास घ्यायचा, पोट सैल सोडायचं, तोंडानं हळूहळू श्वास सोडायचा आणि सोडता सोडता टोचून घ्यायचं. उपाय चांगला होता. धन्यकुमारांना त्यातला श्वासाचा भाग फार आवडला.

घर जैनांचं. दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही, हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. आणि डॉक्टरांनी बजावलेलं, जेवणार नसाल तर टोचायचं नाही. या दोन नियमांमधली फट धन्यकुमारांना पहिल्याच संध्याकाळी सापडली. ते श्वास घेत राहिले आणि सूर्य बुडाला.

"आता जेवण न्हाई," डोळे उघडून ते म्हणाले, "मग टोचून कसं चालंल?"

दुसऱ्या दिवशी चंदनबालांनी लवकर भाकरी थापल्या. "एवढ्या उन्हात कोण जेवतंय?" म्हणून धन्यकुमारांनी ऊन उतरू दिलं आणि मग श्वासाला बसले. पुढं कधी आसन बदललं, कधी खोली बदलली, एकदा तर शेजारचं रेडकू ओरडायचं थांबेपर्यंत थांबले. सूर्य काही त्यांच्यासाठी थांबला नाही.

चंदनबाला रडकुंडीला आल्या. थोरल्या दिरांचा पाय याच साखरेनं गेला होता. धन्यकुमार रात्री सारखे पाणी प्यायला उठत आणि त्या त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत पडून राहत.

"तू जेवलीस न्हवं?" ते विचारत.

"व्हय, कवाच," त्या म्हणत.

गल्लीत मात्र भलतंच पसरलं. आण्णा संध्याकाळी डोळे मिटून बसतात, जेवत नाहीत, म्हणजे त्यांनी मोठं व्रत धरलंय. मंदिरात लोक त्यांना वाट करून देऊ लागले. एकदोघं पायाही पडले. धन्यकुमार हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

शेवटी मंदिराचे कारभारी भाऊसो शाल-नारळ घेऊन ऐन संध्याकाळी दारात उभे राहिले.

"आण्णा, तुमचा सत्कार करायचा ठरलाय. आन् वैनींचाबी."

"तिचा कशाबद्दल?"

"आवं, तुमच्यासंगं त्याबी उपाशीच की. आमच्या घरातनं रोज दिसतंय, वैनींचं भरल्यालं ताट म्हशीम्होरं जातंय."

धन्यकुमारांनी बायकोकडं पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मग जेवले म्हणून का सांगत हुतीस?"

"तुमीबी भ्या घालवतो म्हणूनच सांगत हुता की."

धन्यकुमारांना स्वतःची फार लाज वाटली. ते खाली बघून म्हणाले, "भाऊसो, व्रत न्हाई न् काय न्हाई. मी सुईला भितो." मग सदरा वर करत बायकोला म्हणाले, "आण ते पेन. दिवस हाय अजून."

पेन आलं, आणि चंदनबालांनी ते पुढं नेऊन परत मागं घेतलं. इतक्या दिवसांत त्यांच्यावर टोचायची वेळच आली नव्हती.

"मी कवा कुणाला टोचलंय?" त्या पुटपुटल्या. "तुमास्नी दुखलं म्हंजे?"

धन्यकुमारांनी त्यांचं मनगट धरलं. "हिकडं बघ. नाकानं घे. पोट सैल सोड. आता हळू सोड." सराव दांडगा होता, आवाज अगदी नर्सबाईंसारखा निघाला. दोघांनी बरोबर श्वास घेतला, बरोबर सोडला. शाल हातात धरून भाऊसोंनीही सोडला.

"हं, टोच आता," धन्यकुमार डोळे घट्ट मिटून म्हणाले.

"टोचलं की."

थोड्या वेळानं दोन ताटं शेजारी शेजारी लागली. अंगणात अजून ऊन होतं. चंदनबालांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. भाऊसो हातातल्या शालीची घडी उगीच नीट करत होते.

"मग आण्णा, ही आता कुणाला घालू?"

धन्यकुमारांनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"तिला घाल. मी नुस्ता उपाशी ऱ्हायलो, उपास हिनं केलाय."