फरहतची तपासणी

"झोप लागते का?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"कुठची झोप जी!" फरहत म्हणाली. "दुकान उघडणं नाई, कोणाशी बोलणं नाई. नुसतं भिंतीकडे पाहून राहणं."

हे ती शेजारी बसलेल्या नवऱ्याबद्दल सांगत होती. मोठा भाऊ वारल्यापासून फारूकने कूलर दुरुस्तीचं दुकान उघडलं नव्हतं आणि तोंडही. ऐन मे महिन्यात सारी ब्रह्मपुरी घामाने निथळत होती. शेवटी फरहतने त्याला जीपमध्ये बसवून चंद्रपूरच्या एका मानसोपचार दवाखान्यात आणलं.

"तुमचं नाव?"

तिने आपलं सांगितलं. दोन मिनिटांत दोघं बाहेर.

औषधाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "फरहतबाई, या गोळ्या जेवल्यावर घ्या."

ती तशीच मागे फिरली. "साहेब, पेशंट मी नाई!"

डॉक्टरांनी आता कुठे वर पाहिलं, समजूतदारपणे हसले. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात." आणि एक गोळी वाढवली. तिने आवाज चढवला, तशी चिडचिडेपणासाठी आणखी एक वाढली.

मग तिने तक्रारीची खोली गाठली. तिथल्या उर्वशीबाईंनी चिठ्ठी वाचली, फरहतचा लालबुंद चेहरा पाहिला आणि हळू आवाजात फारूकला विचारलं, "यांना हे कधीपासून होतंय?"

फरहत नवऱ्याकडे वळली. "अजी, सांगा ना काही!"

फारूकचे ओठ हलले. आधी नुसती खरखर, मग आवाज फुटला.

"बिमार मी हावो, बाई. भाऊ गेला माहा. हिले काऊन गोळ्या देऊन राह्यले? अन् तुमच्या डॉक्टरानं मले पाह्यलंच नाई. खुर्चीत माणूस होता का पिशवी, विचारा त्याले!"

फरहत तक्रार विसरून पदरात तोंड खुपसून रडू लागली.

दारात गर्दी जमली होती. गोंडपिपरीहून आलेले एक म्हातारे पेशंट, नानाजी, पुढे आले. "मले कमी आयकू येते. दोनदा 'आं?' म्हणलं, त लिहून देलं, बुढ्याले समजत नाई!"

"मले त नावबी नाई विचारलं!" मागून कोणीतरी ओरडलं.

उर्वशीबाई उठल्या. त्यांनी मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि साऱ्यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायला लावली. फारूक आत गेला तो तासाभराने बाहेर आला. डोळे सुजलेले, पण मान ताठ. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं ठरलं होतं.

बाहेर नानाजी वाटच पाहत होते. "फारूकभाऊ, या तक्रारीचं दवाखान्याच्या मोठ्या साहेबायसमोर आमच्यातर्फे तुमीच बोला. तुमाले चांगलं बोलता येते."

"बोलतो ना," फारूक म्हणाला आणि व्हरांड्यात बसून एकेकाची हकीकत विचारू लागला.

फाटकाशी ब्रह्मपुरीची जीप भरली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. फरहतने नवऱ्याला हाक मारली नाही.