तारखेपुढचे प्रश्नचिन्ह

आमचा शेजारी जलील लग्नपत्रिकेतील तारखेपुढेही पेनाने प्रश्नचिन्ह काढतो. "लागलं तर लागलं, काका. अजून लागलंय कुठं?" हे त्याचे समर्थन.

पाटोद्यात तो संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभासद-यादी त्यानेच केली. पहिल्याच छापील प्रतीत माझ्या नावापुढे मृत्युदिनांक होता: १ जानेवारी, सन १. अध्यक्षांसह अडतीसही सभासदांचा तोच. मी पडलो निवृत्त वकील; तत्काळ नोटीस धाडली: "मी खाली सही करणार हयात असून सदर मृत्यू मला मान्य नाही. सात दिवसांत लेखी खुलासा करावा."

जलील नोटीस हातात घेऊनच आला. 'सात दिवसांत'पुढे प्रश्नचिन्ह काढलेले होते.

"काका, तारखेचा डबा रिकामा ऱ्हात न्हाई. तुमी कायबी भरलं न्हाई, तर संगणक आपली पैली तारीख कोंबतो. प्रोग्रॅममधी 'तारीख' शब्दापुढं प्रश्नचिन्ह लावलं, तरच रिकामं ठिवायची परवानगी मिळती. ते लावायचं इसरलो."

"एका चिन्हापायी अडतीस माणसे मारलीस?"

"लावलं आता. समदे जिते!"

चहात साखर किती, असे विचारले तरी तो म्हणे, "शून्य न्हाई काका, रिकामं. अजून ठरलं न्हाई."

त्याचा थोरला भाऊ रशीद ट्रक घेऊन गेला, त्यास नऊ वर्षे झाली. ट्रक सापडला, रशीद नाही. राहते घर मात्र त्याच्याच नावावर. ते आईच्या नावावर व्हावे म्हणून मी अर्ज तयार केला. सात वर्षे ज्याची खबर नाही, त्यास कायदा मृत मानतो. मृत्युदिनांकाचा एकच रकाना जलीलने भरायचा होता. त्याने त्यात प्रश्नचिन्ह काढले.

मी कडाडलो, "न्यायालयात हे चालत नाही! कशाला अडवतोस आईचं काम?"

त्याने संगणक माझ्याकडे वळवला. घरच्या माणसांची यादी होती. रशीद. मृत्युदिनांक रिकामा. वय त्रेचाळीस.

"गेलता तवा चौतीसचा हुता," जलील म्हणाला. "डबा रिकामा हाय, म्हणून वय मोजणं चालू हाय, काका. तारीख टाकली की तितंच थांबतंय. अम्मी दर साली इचारती, किती लागलं त्याला."

अपूर्ण कागद मी जन्मात ठेवून घेतला नव्हता. तो अर्ज माझ्या कपाटात आहे.

गेल्या महिन्यात जलील पेढा घेऊन आला. "चव्वेचाळीस लागलं, काका."

मी कोणतेही कलम सांगितले नाही. पेढा घेतला.