शेजारची बोअर

इस्माईलभाई मुलाणींना कुठलीही गोष्ट वरून सांगता यायची नाही. "भाई, गिरणी कधी सुरू होणार?" एवढंच विचारलं, तरी ते म्हणायचे, "खालनं सांगतो." मग आधी पौडला तार कुठे तुटली, त्यावर वायरमन काय म्हणाला, त्यावर गिरणीचा पट्टा कसा सरकला, असं करत करत उत्तर वर यायला संध्याकाळ व्हायची. इकडे माझ्या घरात पोळ्यांचा पत्ता नाही. "अहो, वरचं आधी सांगा की," मी चिडून म्हणायची. "बाई, खालचं आदी पडतं, वरचं मागनं. उलटं सांगितलं की खोटं हुतं."

मी घोटावड्याच्या शाळेत शिक्षिका, आणि भाई भिंतीला भिंत लागून शेजारी. शाळेत माझ्या नुसत्या चष्म्याला पोरं टरकायची. ह्या एका माणसापुढे मात्र मी हात टेकले होते.

ही खोड त्यांनी समुद्रावरून आणलेली. त्र्याहत्तर साली ते आखातात गेले, भर समुद्रात लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या तेलाच्या तराफ्यावर. तिथे समुद्राच्या तळाला बोअर मारून दगडाच्या लांब कांड्या वर काढत. त्या धुवायच्या, क्रमाने पेटीत लावायच्या, कुठली बाजू वरची त्याची रंगाने खूण करायची, हे भाईंचं काम. दगड सगळा तांबडा, वाळूचा. गावात कुणी विचारलं की सांगत, "त्या दर्याखाली वाळवंट हाय. आदी वाळवंट हुतं, दर्या मागनं आला."

"मग पाणी मुरत कसं न्हाई?" सरपंचांनी एकदा विचारलं. भाईंनी खालून सुरुवात केली. सरपंच घरी जाऊन जेवून आले, तरी दर्या अजून आला नव्हता.

गिरणीतही तेच. एकदा जनाबाईने भांडण काढलं, तिच्या गव्हात कुणाची तरी नाचणी मिसळली म्हणून. भाईंनी गिरणीखाली सांडलेल्या पिठाचा ढीग सुरीने वडीसारखा कापला. "ही बघ. तळाला तांदूळ, तो बाईंचा. त्याच्यावर तुझा गहू. नाचणी तुझ्यावर हाय, म्हंजी ती तुझ्या मागनं आली." जनाबाई डबा उचलून गुपचूप गेली. माझं एवढं पीठ दर वेळी खाली सांडतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तिकडून येताना त्यांनी टाकाऊ कांड्यांची एक पेटी आणली होती. ईदचा शिरखुर्मा प्यायला मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा ती उघडून बघितली. तांबड्या कांड्यांच्या मधेच एक लाकडी ठोकळा. हे काय भलतंच, म्हणून मी तो काढला आणि कांड्या सरकवून एकमेकींना नीट भिडवल्या. भाई कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला.

"सरकवू नका, बाई. तितला दगड भुगा झाला, वर आलाच न्हाई. जेवढा आला न्हाई तेवढी जागा मोकळी ठेवायची."

"मग तिथे काय होतं ते कधीच कळत नाही?"

"कळतं की. शेजारी दुसरी बोअर आसंल तर तिच्यावरनं जुळवायचं. फकस्त एक थर दोनी बोअरींत सारखा घावला पायजे."

मी शिरखुर्म्याकडे वळले. दगडांपुढे तो निवत चालला होता.

शहाऐंशी साली नसीमचं लग्न ठरलं. नसीम भाईंची एकुलती एक मुलगी. आई तान्हेपणीच गेलेली. भाई आखातात असताना दादीने तिला सांभाळलं, आणि दादीला उरकेना तेव्हा ती माझ्या सुधीरबरोबर माझ्या घरी वाढली. सात वर्षांत भाई एकदाच सुटीवर आले. तेव्हा पोरगी दादीच्या पदराआड लपली ती ते परत जाईपर्यंत बाहेर आली नाही. पुढे ते कायमचे आले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. हळूहळू बापाशी बोलायला लागली, मायाही लागली. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

लग्नासाठी घराचं रंगकाम काढलं, तर भाई दाराच्या चौकटीपुढे हात पसरून उभे. "ही सोडून." रंगारी वैतागून मला बोलवायला आला. मला वाटलं, आता हे काय नवीन खूळ. चांगली खरडपट्टी काढायची म्हणून गेले.

चौकटीवर नसीमच्या उंचीच्या रेघा होत्या. खालून सहा, एकेका वर्षाची. मग हातभर कोरं लाकूड. मग तेराव्या वर्षापासून पुन्हा रेघा. कोऱ्या जागेत पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, 'माल आला नाही.'

मी रंगाऱ्याला डबा खाली ठेवायला सांगितलं.

"हेवढी पोरगी माझ्याकडं न्हाई, बाई," भाई म्हणाले. "आता हाय ती बी जाणार."

मी त्यांचा दंड धरला. "चला माझ्याकडे. शेजारची बोअर दाखवते."

माझ्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर, धुराने काळ्या पडलेल्या, सुधीरच्या रेघांशेजारी नसीमच्या रेघा होत्या. भाई आखाताला निघाले त्या दिवशी सकाळी त्यांनी तिची उंची घेतली होती. ते गेल्यावर पोरगी रडत माझ्याकडे आली, काही केल्या थांबेना. शेवटी मी तिला चौकटीशी उभी करून रेघ मारली, तेव्हा गप्प झाली. मग दरवर्षी त्याच दिवशी हट्टाने उभी राहायची. मी ते साफ विसरून गेले होते.

भाई धावत जाऊन टेप घेऊन आले. दोन्हीकडची सहाव्या वर्षाची रेघ मोजली. तंतोतंत जुळली. मग चपला काढून माझ्या उंबऱ्यापाशी मांडी घालून बसले. "बाई, खालनं सांगा."

आणि मी, जिला ह्या सवयीचा एवढा राग, खालून सांगायला लागले. इथे गोवर झाला. इथे सुधीरशी पैज लावून ऊस सोलताना दात पडला. इथे पळण्यात पहिली आणि गणितात नापास, मीच केली.

"हितं वाढलीच न्हाई की."

"त्या वर्षी तुम्ही ईदला येतो म्हणालात आणि आला नाहीत. मान वर करायलाच तयार नव्हती."

भाईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ते बी लिवतो."

लग्नाच्या दिवशी सगळं घर नव्या रंगाचं आणि ती एक चौकट जुनीच. कोऱ्या जागेत आता तांबड्या पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि प्रत्येकीपुढे 'शेजारून' असं लिहिलेलं. निघताना नसीम तिथे थबकली, सगळ्या रेघा खालून वरपर्यंत वाचल्या. मग नव्या चपला काढून चौकटीला पाठ लावून उभी राहिली. "अब्बा, आजची घ्या."

भाईंनी तिच्या डोक्यावर पट्टी धरली, पण त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरच होती आणि रेघ वाकडी आली. मी रबर शोधायला लागले.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "सगळंच थर सपाट नसत्यात."