अण्णाची डोली

आमचा अण्णा कुणाच्याही घरी गेला की उंबरा ओलांडण्याआधी त्यांच्या दाराबद्दल माफी मागायचा. "कडी फार वर लागलीय हो. म्हातारीचा हात पोचायचा नाही. लाज वाटते मला." कडी काही त्यानं लावलेली नसे. पण जगात कुणी काही वाईट बनवलं असेल, तर ते आपल्याच हातून झालंय अशा चेहऱ्यानं तो उभा राही. चहा आला की कपाच्या कानाची पाळी. "ह्यात बोटच जात नाही. माणसानं केलंय हे! लाज वाटते मला." तोवर आतली नवी सून रडवेली झालेली असे, कारण कप तिच्या माहेराहून आलेले असत.

लाज वाटते असं म्हणायचा तो. प्रत्यक्षात ती वाटायची आम्हाला.

आमची वाडी बोर्ली पंचतनच्या वर डोंगरात. खाली उतरायला एकच वाट, दगडी पायऱ्यांची, पाखाडीची. बाबा वाडीतल्या शाळेत मास्तर, थोडी भातशेती, आणि घर चालवायला आत्या. आई नव्हती. मी पोटात असताना तिला वाडीतून झोळीत घालून खाली नेली, पुढं बैलगाडीनं श्रीवर्धनच्या दवाखान्यात. तिथं मी आले आणि ती गेली, एवढंच मला ठाऊक होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. अण्णा तेव्हा आठ वर्षांचा. एरवी तासन् तास बोलणारा माणूस, पण त्या दिवसाबद्दल विचारलं की उठून विहिरीवर जायचा.

मॅट्रिक झाल्यावर बाबांनी त्याला तलाठी करायचं ठरवलं होतं. तो गेला मुंबईच्या एका कलाशाळेत, वस्तू कशा असाव्यात ते शिकायला. हे वाडीला समजावता समजावता बाबांच्या नाकी नऊ आले. शेजारचे धोंडूबाबा विचारायचे, "गुरुजी, वस्तू तर आधीच हायेत ना? मंग दत्तू शिकतो काय?" बाबा म्हणायचे, "त्या कशा असाव्यात ते." धोंडूबाबा आपल्या कोयत्याकडं बघून म्हणायचे, "ह्यो हाय तसाच बरा हाय की." पुढं पुढं बाबा सरळ सांगायला लागले, की मुलगा मुंबईत चित्रं काढतो. त्यात निदान अब्रू तरी थोडी होती.

सुट्टीत आला की अण्णा घरभर माफी मागत फिरे. आत्याच्या विळीला त्यानं टेकू लावला, तर विळी अशी काही उंच झाली की आत्याला नारळ खवायला पाटावर पाट ठेवून बसावं लागलं. "तुझी लाज तुझ्यापाशी ठेव, माझी विळी मला दे," म्हणाली ती. तरी तो आला की तिचा चेहरा खुले. मग तीच शेजारी सांगायची, "आमचा दत्तू ना, फार डोक्याचा हो." आणि मग कपाळाला हात लावायची.

बोर्लीच्या बाजारात त्याच्याबरोबर जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होई. मी तेव्हा चौदा-पंधराची. त्या वयात आपला परकर जरा आखूड झाला तरी वाटतं की सगळी बोर्ली आपल्या घोट्यांकडं बघतेय. त्यात हा भाऊ! एकदा तो दिघीहून आलेल्या एका कोळणीच्या मागं लागला. ती पुढं, हा मागं, आणि ह्याची नजर तिच्या डोक्यावर. शेवटी तिनं पाटी उतरवली आणि कमरेवर हात ठेवले.

"काय रं मुडद्या, कवाधरनं माज्या डोक्याकडं बगतंस?"

"मावशी, तुमची पाटीखालची चुंबळ बघतोय. एवढी जड पाटी, पण मान हलत नाही. कशी वळता ती?"

"चुंबळ बगाया घरात आयबहीन न्हाय काय तुला?"

"बहीण आहे ना! ती काय तिथं उभी."

कोळीण माझ्याकडं वळली. "तुजा भाव काय गं ह्यो?"

मी बांगड्यांच्या दुकानात इतकं खोल बघायला लागले की कासाराला वाटलं, मी अख्खं दुकान घेणार. मान मात्र नाही म्हणून हलवली. अण्णानं ते पाहिलं. मला वाटलं, आता घरी रामायण होणार. पण येताना तो वाटभर चुंबळीबद्दलच सांगत राहिला, की ओझ्यापेक्षा ओझं कशावर टेकतं त्याला महत्त्व असतं. त्या कोळणीनं शेवटी त्याला चुंबळ वळून दाखवली होती, आणि वर दोन बोंबील दिले होते.

त्याच सुट्टीत डोलीचं प्रकरण झालं. कलाशाळेकडून त्याला एक वस्तू करून न्यायची होती, आणि मुंबईत भरणाऱ्या परिषदेत ती मांडायची होती. बरोबरचे विद्यार्थी दिव्याचे खांब आणि रेडिओची कपाटं करत होते. अण्णानं ठरवलं, वाडीतून आजारी माणूस खाली न्यायला डोली करायची. आमच्याकडं तेव्हा माणूस अडला की घोंगडीची झोळी करून बांबूला टांगत आणि दोघं खांद्यावर घेऊन पाखाडी उतरत. आतल्या माणसाचं गाठोडं होई. अण्णाला बांबूचीच, पण टेकून बसता येईल अशी हलकी डोली हवी होती. त्याचं म्हणणं, "एकदा वाडीतलं एक जितं माणूस तीत बसून खाली जाऊन आलं की झालं. मग झोळी कोण बांधतंय!"

हेतू चांगला होता. पण अक्कल मुंबईला ठेवून आला होता. दुपारची वेळ, बाबा आत निजलेले, आणि हा भर अंगणात दोन लांब बांबू समांतर ठेवून त्यांना आडव्या कामट्या सुंभानं बांधत बसला.

आमच्याकडं अंगणात असे बांबू बांधायला घेतले की बोलावणं पाठवावं लागत नाही. आधी धोंडूबाबा आले. त्यांनी डोक्याचा फेटा काढून काखेत घेतला, अण्णाच्या पाठीवर हात ठेवला आणि न बोलता दुसरीकडनं सुंभ ओढायला लागले. अण्णाला वाटलं, वाडीला आपलं काम पटलं! मग आणखी दोघं आले. कुणी गवऱ्या आणल्या. सखूवयनी मडकं घेऊनच आली आणि पायरीवर बसून तिनं सूर लावला, "गुरुजी ओ ऽऽ, आमच्या पोरांना कोन शिकवील ओ ऽऽ!"

आवाजानं बाबा जागे झाले आणि पंचा गुंडाळत बाहेर आले. "कोण गेलं?"

धोंडूबाबांच्या हातातला सुंभ गळाला. "गुरुजी, तुमी हाव?"

"मग कुठं असणार?"

सखूवयनीचा सूर अर्ध्यात अडकला तो तसाच. अण्णा मात्र मान वर न करता म्हणाला, "धोंडूबाबा, गाठ सैल पडली. जरा ओढा." त्या दिवशी बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा शिवी देताना ऐकलं. ती काय होती ते सांगत नाही. मास्तर होते बिचारे.

डोली पुरी झाली, पण त्यानंतर तीत बसणार कोण? "जितेपनी तिरडीवर कोन चढंल?" असं वाडीनं साफ सांगितलं. अण्णा दारोदार फिरला. "एकदा बसा. नुसतं विहिरीपर्यंत." तापानं फणफणलेला माणूससुद्धा त्याला बघून उठून कामाला लागे. आत्यानं कानावर हात ठेवले. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मला लाज वाटते." खरं तर ते त्याचंच वाक्य, पण ते ऐकून त्याचा चेहरा पडला. शेवटी त्यानं तीत भाताचं पोतं बसवलं, त्याच्या मांडीवर, म्हणजे मांडी असती तिथं, काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि दोन गड्यांकरवी पाखाडी उतरवली. खाली तांब्या तेवढाच भरलेला होता. पण पोत्याची साक्ष कोण काढतो?

परिषदेला बाबा आणि मी दोघंही गेलो. दिघीहून आगबोटीनं गेलो आणि डोलीही बरोबर. बोटीवरचे उतारू तिच्यापासून लांब सरकून बसले, त्यामुळं आम्हाला मात्र पाय पसरायला ऐसपैस जागा मिळाली. सभागृहात पंख्याखाली सुटाबुटातली मोठी माणसं, दोन गोरे पाहुणे आणि व्यासपीठावर अध्यक्ष. अण्णाचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, हात जोडले, आणि त्याची नजर अध्यक्षांच्या खुर्चीकडं गेली.

"बोलण्याआधी माफी मागतो," अण्णा म्हणाला. "अध्यक्षांचे पाय जमिनीला टेकत नाहीयेत. चूक त्यांची नाही, खुर्चीची आहे. लाज वाटते मला."

सगळं सभागृह खाली वाकून बघायला लागलं. अध्यक्षांनी पाय मागं घेतले. बाबांनी उपरण्यात तोंड लपवलं. धरणी दुभंगली असती तर आम्ही बापलेक हातात हात घालून आत गेलो असतो.

पण पुढं तो चांगलं बोलला, अगदी मनापासून. पाखाडीचा चढ, झोळीतलं माणूस, कोळणीची चुंबळ, सगळं सांगितलं. खांद्यावर येणारी बांबूंची टोकं त्यानं चुंबळीसारखी काथ्यानं वळवली होती. लोक ऐकायला लागले. मी उपरणं ओढून बाबांचं तोंड बाहेर काढलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी अगदी मायेनं विचारलं, "काम छान आहे. पण बैठक पुढं एवढी रुंद, पाठ एवढी मागं, हाताला धरायला दोन्हीकडं मुठी. हे माप साध्या आजाऱ्याचं नाही. कुणाचं घेतलंत?"

अण्णा गप्प झाला. आधी मला वाटलं, शब्द शोधतोय. मग त्याचे कान लाल झाले. मागं कुणीतरी हसलं. "माफ करा," एवढंच म्हणून तो खाली उतरला. कडीबद्दल, कपाबद्दल, खुर्चीबद्दल आयुष्यभर माफी मागणारा हा माणूस, पण स्वतःबद्दल मागताना मी त्याला तेव्हाच पाहिलं. बक्षीस रेडिओच्या कपाटाला मिळालं.

डोली परत वाडीत आली आणि पडवीत आढ्याला टांगली गेली. आत्या तिच्यावर आमसुलं वाळत घाली. अण्णाला मुंबईत खुर्च्यांच्या एका कारखान्यात नोकरी लागली. सुट्टीत आला की तो आमसुलं बाजूला करून सुंभ तपासायचा, सैल झालेला बदलायचा आणि आत्याला विचारायचा, "कुणी बसलं का?" ती म्हणायची, "बसली की. आमसुलं." तो हसायचा, पण दर वेळी विचारायचा.

माझं लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणं माहेरी आले. गणपतीला अण्णाही आला होता. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पोट दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सुईणीचा चेहरा उतरला. "पोर आडवं हाय," ती म्हणाली. "माज्या हातचं न्हाय. श्रीवर्धनला न्या." धोंडूबाबा घोंगडी आणायला धावले. अण्णा पडवीत जाऊन उभा राहिला आणि आढ्याकडं बघत राहिला. विचारायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

मीच म्हटलं, "अण्णा, डोली काढ."

मी बसले आणि सगळं अंग जिथल्या तिथं टेकलं. पोटाला जागा होती, पाठ मागं रेलली होती, कळ आली की मूठ नेमकी हाताखाली येत होती. ते माप कुणाचं, ते मला तेव्हा कळलं, आणि त्याला विचारायची गरज राहिली नाही. चौघांनी डोली उचलली. पाखाडीभर अण्णा डोलीला खेटून चालत होता. डोलीला आमसुलांचा वास येत होता, आणि एवढ्या कळांतही मला त्याचं हसू आलं.

बोर्लीचा बाजार आला तशी मला मोठी कळ आली आणि मी ओरडले. दुकानांतनं लोक बाहेर आले. घामानं भिजलेली, केस सुटलेले, पदर ठिकाणावर नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अण्णा, सगळे बघतायत. तू जरा मागनं ये."

"एकदा आलोय मागनं," तो म्हणाला.

आणि चालता चालता, माझ्याकडं न बघता, त्यानं सांगितलं. आईची झोळी ह्याच बाजारातनं गेली होती. ती ओरडत होती, तिचं लुगडं सुटलं होतं, माणसं बघत होती. त्याला लाज वाटली आणि तो मागं राहिला. झोळीतनं तिनं "दत्तू" म्हणून हाक मारली, तरी तो पुढं गेला नाही. एका दुकानदारानं त्याला विचारलं होतं, "कोन हाय रं पोरा झोळीत?"

"मी म्हटलं, मला ठाऊक नाही."

मी त्याचा हात धरला. शेवटच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा उभा होता. त्यानं भुईवर काठी टेकली आणि विचारलं, "कोन हाय ओ डोलीत?"

"माझी बहीण हाय!" अण्णा ओरडला. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आमच्या वाडीच्या बोलीत. "माझी बहीण हाय, कुसुम! दवाखान्यात नेतोय! वाट सोडा!"