गालिनी, गालातिया आणि सासूबाई

बोट चालवण्यात काय आहे हो? सुकाणू आहे, वारा आहे, समोर समुद्र आहे. रस्त्यात खड्डे नाहीत, सिग्नल नाही, मागून हॉर्न मारणारा टॅक्सीवाला नाही. आमच्या लारिसात चौकातून गाडी काढणारा माणूस जगात काहीही चालवू शकतो! हे मी स्वतः, म्हणजे प्रोकोपिस, चष्म्याच्या दुकानाचा मालक, दर उन्हाळ्यात जेवणाच्या टेबलावर सांगत आलो होतो. लष्करी नोकरीत असताना शिडाच्या बोटीचा परवाना काढला होता. परवान्यावरच्या फोटोत मला केस होते, यावरून तो किती जुना ते ओळखा.

या जुलैत माझी बायको मेरोपी एकदाची म्हणाली, "बरं बाबा, घे भाड्यानं बोट. आठवडाभर आपण दोघंच. एगिना, पोरोस, इद्रा, तिन्ही बेटं."

"कप्तान न घेता?"

"कप्तान तू आहेस ना?"

मी तीन बोटं उंच झालो. आणि मागच्या खोलीतून आवाज आला, "माझी बॅग मोठी आहे. चालेल ना?"

सासूबाई! स्तामातियाबाई! सासरे गेल्यापासून नखशिखान्त काळ्या कपड्यांत वावरणारी आणि माझ्याबद्दलची मतं मात्र पांढऱ्यावर काळं इतकी स्पष्ट ठेवणारी बाई. त्या येणार म्हटल्यावर समुद्रसुद्धा जरा मागे सरला असेल.

आमच्या बोटीचं नाव 'गालिनी', म्हणजे शांतता. पहिल्याच बंदरात मी शांतता अशी काही धक्क्यावर आदळली की धक्क्यावरच्या माणसाची कॉफी त्याच्याच शर्टावर! सासूबाई म्हणाल्या, "आलं वाटतं." दुसऱ्या बंदरात नांगर टाकला तो शेजाऱ्याच्या नांगरावर. सासूबाई म्हणाल्या, "इतका समुद्र आहे, तुला हीच जागा सापडली?" मी दात आवळून हसत होतो. अशा हसण्यानं जबडा दुखतो, हे तेव्हा कळलं.

पोरोसला पोचलो तेव्हा शेजारी हुबेहूब आमच्यासारखी बोट लागली होती. त्याच कंपनीची, तीच पांढरी, तेच निळं कापडी छत. नाव 'गालातिया'. तिच्यावर यानिना गावचा झिसिस नावाचा तरुण आणि त्याची बायको. भलताच गोड माणूस! मी पुढं-मागं करत असताना त्यानं दोर झेलला, बांधला, वर मला म्हणाला, "छान लावलीत हो!" इतकं खोटं बोलणाऱ्या माणसावर कुणाचाही जीव जडेल.

सकाळी मी आणि मेरोपी बाजारात गेलो. सासूबाई पुढच्या केबिनमध्ये झोपल्या होत्या. रात्री त्यांनी बजावलं होतं, "मला उठवू नका. उठवलंत तर बघा!"

परतताना माझ्या खांद्यावर हे एवढं कलिंगड. डावीकडचं जग मला दिसत नव्हतं. मेरोपीच्या हातात पाव, टोमॅटो, चीज, आणि तोंडात माझ्या गाडी चालवण्याचा इतिहास. पण मी सराईत खलाशी! मी खूण हेरून ठेवली होती: आदल्या दुपारी आमच्या कठड्यावर वाळत घातलेला सासूबाईंचा काळा झगा. असा झगा साऱ्या एजियन समुद्रात दुसरा नाही. त्यात वारा भरला तर शिडाची गरज नाही!

झगा दिसला. फळीवरून आत गेलो. किल्ली जागेवर. खालून संथ घोरणं ऐकू येत होतं.

"निघूया गुपचूप," मी कुजबुजलो. "उठायच्या आत इद्रा!"

आणि काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा माझं सगळं जमलं. दोर सुटले, नांगर वर आला, कुणाला धक्का नाही, कुणाची शिवी नाही. बघायला सासूबाई जाग्या नाहीत याचंच काय ते वाईट वाटलं.

मेरोपी सामान ठेवायला खाली गेली आणि चकित होऊन वर आली. "अरे, आईनं सगळं आवरून ठेवलंय! भांडी घासलीत, टेबल पुसलंय!"

"समुद्राची हवा," मी म्हणालो. "माणूस सुधारतो."

"पण ती घोरतेय किती! माझी आई घोरत नाही."

"तुझी आई वीस वर्षं घोरतेय. मधे भिंत होती म्हणून मी गप्प होतो."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "गालातिया, गालातिया, बंदर पोलीस बोलतायत. उत्तर द्या."

"बघ!" मी म्हणालो. "बिचारा झिसिस! काहीतरी घोळ घातलेला दिसतोय. दिसायला हुशार वाटला होता." आणि सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून मी रेडिओचा आवाज बारीक केला.

शिडं चढवली. वारा असा कडक की बोट एका कुशीवर कलली आणि गाढवाला चाबूक बसल्यासारखी उधळली. खालच्या केबिनमध्ये धप्पकन काहीतरी पडलं.

"आई पडली!" मेरोपी ओरडली.

दार उघडलं. बाहेर आल्या त्या भरघोस पांढऱ्या मिशा. मिशांच्या मागं बनियन, त्याखाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि या सगळ्याच्या आत एक सत्तरीचे गृहस्थ.

"झिसिस, लेका, बोट अशी तिरकी कशाला..." ते थांबले. "तुम्ही कोण?"

"मी कप्तान!" मी म्हणालो. "तुम्ही कोण?"

"आई कुठाय?" मेरोपीनं टोमॅटो उगारला. "माझ्या आईला काय केलंत?"

गृहस्थांनी दोन्ही हात वर केले. "पोरी, मी कुणालाच काही केलं नाही. तुम्ही चाचे असाल तर घड्याळ घ्या, बोट घ्या. फक्त माझी बीपीची गोळी तेवढी घेऊ द्या."

माझी नजर त्यांच्या डोक्यावर टांगलेल्या लाल रिंगवर गेली. बुडणाऱ्याला फेकतात ती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: गालातिया.

लोकांना लांबचं-जवळचं दिसावं म्हणून चष्मे विकणारा माणूस मी, आणि मला एक अख्खी बोट दिसली नाही!

"पण झगा?" मी केविलवाणा होऊन विचारलं.

"तो होय?" गृहस्थ म्हणाले. "काल संध्याकाळी शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडं ऊन चांगलंय, वाळत घालू का? मी म्हटलं, घाला की." ते सारान्दिस होते, झिसिसचे सासरे; मुलगी-जावई सकाळीच बाजारात गेले होते. "म्हणजे तुम्ही मला पळवलंत तर! झिसिस किती दिवस हेच करायच्या विचारात होता. त्याला जमलं नाही."

हसायला पाहिजे होतं; पण मेरोपी मटकन बसली. "आई एकटी आहे, प्रोकोपिस. तिचा फोन बंद असतो. जागी झाली, वर आली, आणि आपण नाही... बाबा गेले तेव्हाही ती झोपलेली होती."

हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी रेडिओवर झडप घातली.

"गालिनी, गालिनी, मी गालातिया बोलतोय! म्हणजे मी गालिनीच, पण गालातियातून! ओव्हर!"

खरखर. मग तो आवाज. "बोल, जावईबापू."

"आई! तुम्ही बऱ्या आहात ना?"

"झिसिससोबत तुझ्या मागं येतेय. अरे, ही बोट सरळ चालते! मला वाटत होतं ती फक्त धडकते." मग जरा हळू आवाजात, "मेरोपी ठीक आहे ना? तू ठीक आहेस?"

"हो."

"मग इद्राला थांब. आणि कुणाला धडकू नकोस."

बाईंनी मला 'तू ठीक आहेस का' असं पहिल्यांदाच विचारलं होतं!

इद्राच्या बंदराजवळ येताच सारान्दिसकाका म्हणाले, "हा झगा आधी काढू द्या. पळवलेली बोट, वर काळा झेंडा, पोलिसांना काय वाटेल?" त्यांनी विजार चढवली होती. आता झगा उतरवला, झटकला, आणि डुलत्या बोटीवर उभं राहून अशी काही घडी घातली की इस्त्रीवाल्यानं शिकायला यावं.

बंदरात शिरताना अख्ख्या धक्क्यावरच्या कॉफ्या थांबल्या. मी धडकलो. कुणाला ते सांगत नाही. ती बोट फार महाग होती. पाठोपाठ झिसिस आमची गालिनी घेऊन आला आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी लावली.

पोलीस अधिकारी वाटच बघत होता. "बोट कुणी नेली?"

"मी," मी म्हणालो.

"चूक की चोरी?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढं आल्या. "साहेब, चोरी करायला अक्कल लागते. हा माझा जावई आहे."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, धडकलेल्या बोटीकडं पाहिलं, आणि त्याला पटलं! वीस वर्षांत सासूबाईंनी माझी घेतलेली ही पहिली बाजू.

मेरोपी आईच्या गळ्यात पडून रडत होती. "अगं, मला काय धाड भरलीय?" असं म्हणत त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सारान्दिसकाका संकोचून पुढं आले. "बाई, तुमचा झगा. वाळलाय."

सासूबाईंनी घडी उलटसुलट पाहिली. "ही कुणी घातली?"

"मीच. बायको गेल्यापासून सगळं मीच करतो."

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मेरोपीनं आणि मी एकमेकांकडं पाहिलं. काहीच न बोललेल्या सासूबाई आम्ही दोघांनी कधी पाहिल्या नव्हत्या!

उरलेले दिवस दोन्ही बोटी बरोबरच फिरल्या. दोघं म्हातारी झिसिसच्या बोटीवर, ऊन चांगलं म्हणून. हिवाळ्यात कळलं की सारान्दिसकाका यानिनाहून लारिसाला दर पंधरवड्याला चष्मा तपासायला येतात. त्यांची नजर उत्तम होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. ईस्टरनंतर लग्न झालं. सासूबाईंनी निळा झगा घातला होता. झिसिस आता माझा साडू आहे.

मंगलकार्यानंतर आम्ही दोघा साडूंनी मोठ्या मनानं सांगितलं, "मधुचंद्राला बेटांवर जा! बोट घेऊ, आम्ही चालवतो."

नवरानवरीनं एकमेकांकडं पाहिलं. "नको रे बाबांनो," सासूबाई म्हणाल्या, "आम्ही आगगाडीनं डोंगरात चाललोय."