फक्कीच्या रेघेमागे

मोरघळच्या महिला महाविद्यालयाचा कबड्डी संघ त्या हंगामात पाच सामने हरला, आणि प्रत्येक सामन्याची शेवटची शिट्टी वाजली तेव्हा ज्या मुली बाद होत्या, त्या बादच राहिल्या.

पहिल्या सामन्यात अशी एकच राहिली. डावा कोपरा सांभाळणारी शमा मुल्ला. अठ्ठावीस-सत्तावीस असा निकाल लागला, दोन्ही संघांनी हात मिळवले, केळी वाटून झाली, तरी शमा अंतिम रेषेमागच्या पट्टीत मांडी घालून बसलेलीच. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर मध्यरेषेवर. "चल की गं, गाडी निघाली," म्हणत दोघींनी तिला बखोटीला धरून उचललं, तर ती उचलली गेली, पण मांडी सुटली नाही. शेवटी तशीच गाडीत नेऊन ठेवली.

"आपल्याला एक गुण कमी पडला," क्रीडाशिक्षक गवंडे सर म्हणाले. "तो मिळाला असता तर उठली असती. पुढच्या सामन्यात उठेल."

पुढच्या सामन्यात मोरघळने तीस गुण केले, तरी शमा उठली नाही. पंचांनी गुणपत्रिका दोनदा पाहिली आणि सांगितलं की या खेळाडूची बाद म्हणून नोंद आजच्या कागदावर नाही. आजच्या गुणांनी आजच्याच मुली जिवंत होतील. त्यात गैर काही नव्हतं. तो सामना तीस-एकतीस असा गेला आणि शमाच्या शेजारी आणखी एक जण बसली. शेवटच्या शिट्टीला जितक्या बाद, तितक्या मुली मागे राहायच्या. तिसरा सामना दोन गुणांनी गेला आणि दोघी राहिल्या.

त्या दोघींतली एक तेजल होती. संघाची कर्णधार, आणि प्रणोतीची मामेबहीण.

प्रणोती लहानपणापासून दचकायची. कुकरची शिट्टी, मोबाइलचं थरथरणं, फळ्यावर मोडलेला खडू, पाठीमागून आलेली साधी हाक, काहीही पुरायचं. वसतिगृहात तिला उठवायचं तर मुली दारातूनच हळू आवाजात नाव घ्यायच्या आणि मग दोन पावलं मागे सरायच्या. कबड्डीशी तिचा संबंध यायचं कारण नव्हतं. पण कॉलेजात मुली जमल्या सहाच, सातवी हवी होती. तेजलने तिला मैदानात उभं केलं आणि गवंडे सरांच्या ध्यानात आलं की हिला कुणी शिवूच शकत नाही. हात अंगापाशी पोचायच्या आत हिचं अंग तिथून गेलेलं असायचं. तिला हुलकावणी वगैरे येत नव्हती. ती नुसती दचकायची.

पाच सामने झाले. एकामागून एक सगळ्या बसत गेल्या. प्रणोती एकदाही बाद झाली नाही.

पट्टीत आता सहा जणी होत्या.

कॉलेजने त्यांची नीट व्यवस्था लावली. वर्गातला पहिला बाक काढून तिथे त्यांना ओळीने बसवलं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी नाडी पाहिली, नाकापाशी आरसा धरला, आरशावर काहीच उमटलं नाही, तेव्हा थोडा विचार करून लिहिलं, 'प्रकृती उत्तम. दम धरलेला आहे.' हजेरीचा प्रश्न निघाला म्हणून प्राचार्यांनी विद्यापीठाला पत्र टाकलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं, की बाद खेळाडू हा संघाचा भाग असल्याने त्यास हजर समजावे, तथापि त्यास प्रश्न विचारू नये.

एकच काळजी घ्यावी लागायची. त्यांच्यासमोर फक्कीची रेघ लागायची. शिपाई कोंडीबा रोज सकाळी डबा तिरका करून ती पांढरी रेघ ओढायचा. दिवाळीच्या सुट्टीत तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी येऊन पाहतो तर सहाही जणी वर्गाच्या दारात होत्या. मांडी तशीच, हात गुडघ्यांवर, ओळीतलं अंतरही तेवढंच. तोंडं मैदानाकडे. फरशीवर सरपटल्याची खूण नव्हती.

"मी काय बोललो न्हाई," कोंडीबा नंतर प्रणोतीला म्हणाला. "फुडं रेघ मारली आन् म्हनलं, बायांनो, हितनं फुडं न्हाई हां. तर थांबल्या."

प्रणोती रोज दुपारी तेजलचे केस विंचरायची. केस वाढत नव्हते, गुंतत मात्र होते. विंचरताना तिला वाटायचं, आता ही मान वळवेल आणि आपण किंचाळू. तेजल मान वळवत नव्हती. ती प्रणोतीच्या आरपार कुठेतरी मध्यरेषा पाहत होती.

मामीचा फोन एक दिवसाआड यायचा.

"तेजू उठली का गं?"

"नाही, मामी."

"अंगावर काही घालता का? थंडी पडायला लागली."

"स्वेटर घातलाय."

"आणि तू कशी आहेस?"

"मी आहे."

"हो," मामी म्हणायची. "तू तेवढी आहेस बाई."

यात टोमणा होता की नाही, हे प्रणोती रात्रभर ठरवत बसायची. शेवटचा सामना आठ दिवसांवर होता. तो झाला की हंगाम संपला. पुढचा हंगाम पुढच्या सप्टेंबरात. तोवर तेजल तशीच बसणार होती. शमाचं लग्न ठरलं होतं. तिच्या सासरच्यांनी विचारलं होतं की तारखेला मुलगी उठणार आहे का, नसेल तर तसं मंडपवाल्याला सांगता येईल.

नियमांचं पुस्तक क्रीडा विभागाच्या कपाटात होतं. प्रणोतीने ते तेजलच्या शेजारी, रेघेच्या अलीकडे बसून वाचलं. बाविसाव्या पानावर तिचं बोट थांबलं. एकेका गुणाला एकेक खेळाडू जिवंत होतो, हे तिला ठाऊक होतं. पण पूर्ण संघ बाद होऊन लोण चढला, तर त्यापुढे लिहिलं होतं, 'संपूर्ण संघ जिवंत होईल.' आजचा, कालचा, कोणत्या कागदावरचा, असं काही नाही. संपूर्ण.

ती पुस्तक घेऊन गवंडे सरांकडे गेली.

"लोण?" सर खुर्चीत ताठ झाले. "मोरघळवर अकरा वर्षांत लोण चढलेला नाही. हरलो असू, पण लोण नाही. लोक नाव काढतात."

"सर, सहा जणी बसल्यात."

"तू आहेस म्हणून सहा. नाहीतर सात बसल्या असत्या."

"सात बसल्या असत्या तर एकही बसली नसती, सर."

सरांनी पुस्तक हातात घेतलं, बाविसावं पान वाचलं, मग तेविसावंही वाचलं, तिथे काही निघतंय का म्हणून. निघालं नाही.

"बघ बाई," ते शेवटी म्हणाले. "मी शिकवलं ते टिकायला. बाद कसं व्हायचं, ते मला शिकवता येत नाही."

शेवटचा सामना उंबरदऱ्याच्या मैदानावर, दुपारी तीनला होता. सहा जणींना कोंडीबाने टेम्पोतून नेलं आणि अंतिम रेषेमागे उतरवून ठेवलं. आईवडील आले होते. मामी शाल आणि डबा घेऊन आली होती. उंबरदऱ्याच्या मुली कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"एकटीच का गं?" त्यांची कर्णधार ओरडली. "बाकीच्या काय कीर्तनाला बसल्यात?"

तिच्या मुली हसल्या. मग त्या सहा जणींची नजर आपल्यातून पलीकडे जाते, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि हसू आपोआप थांबलं.

सामना सुरू झाला. प्रणोतीने ठरवलं होतं की हलायचं नाही. पहिली चढाई आली, तिने डोळे मिटले, मुठी आवळल्या. कानाशी "कबड्डी कबड्डी" जवळ आलं आणि तिने डोळे उघडले तेव्हा ती दुसऱ्या कोपऱ्यात उभी होती. दुसऱ्या चढाईला तिने जिभेचा शेंडा दातांत धरला. जीभ चावली गेली, अंग मात्र निसटलं. ती समोर जाऊन हात पुढे करायची, आणि हातावर हात पडायच्या आत हात मागे गेलेला असायचा.

"अगं थांब की जरा!" उंबरदऱ्याची चढाईपटू आपल्या अंगणात परतल्यावर धापा टाकत म्हणाली, तशी पंचांनी तिला ताकीद दिली.

"थांबतेच आहे गं," प्रणोती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मलाही तेच हवंय."

ती स्वतः चढाईला गेली की सात जणी तिला घेरायच्या, आणि सातांच्या चौदा हातांमधून ती चिमटीतल्या पाऱ्यासारखी बाहेर यायची. मध्यंतराला शून्य-शून्य होतं. मामीने तिला पाणी दिलं. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हाही शून्य-शून्यच होतं, आणि प्रेक्षकांतलं कुणीतरी म्हणालं, "पोरगी लई चपळ हाय. मोरघळ हरत न्हाई आज."

प्रणोती ते ऐकून दचकली.

दीड मिनिट राहिलं असताना ती चढाईला निघाली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." मध्यरेषा मागे पडली, मग चढाईत ओलांडावीच लागते ती निदान-रेषाही मागे पडली. ती त्यांच्या पार आत गेली. सात जणी साखळी करून वळल्या. हात आले, आणि अंग ठरल्याप्रमाणे निघून गेलं. तिला कळलं की या अंगावर आपला हुकूम कधीच चालणार नाही. हात, पाय, पाठ, मान, सगळं भीतीच्या मालकीचं. आपल्या मालकीचा फक्त एक शब्द आहे, जो आपण म्हणतो आहोत.

"कबड्डी, कबड्डी, क—"

तिने तोंड मिटलं.

मैदानावर असा सन्नाटा झाला की फक्कीवरून चाललेला मुंगळा ऐकू यावा. उंबरदऱ्याच्या मुलींचे हात तसेच हवेत राहिले. पंचांनी मान तिरकी करून एकदा खात्री केली, मग हात वर केला.

"दम गेला. बाद. लोण."

गवंडे सरांनी डोक्यावरची टोपी काढली. प्रणोती चालत पलीकडे आली आणि ओळीच्या टोकाला, तेजलच्या शेजारी, मांडी घालून बसली. सातवी. बसता क्षणीच सगळे आवाज लांब गेले, एखादं दार हलकेच लोटून घ्यावं तसे. तिने मध्यरेषेकडे पाहिलं. ती फार स्पष्ट दिसत होती.

मग कटकन गुडघे वाजले. शमा उठत होती. तिच्यामागून पुढची, मग पुढची. तेजल उठली, हात झाडले आणि खाली बघून म्हणाली, "किती झाले?"

"तीन-शून्य. लोणाचे दोन धरून," प्रणोती म्हणाली.

"आणि वेळ?"

"मिनिटभर."

"मग बसलीस काय? ऊठ."

"तेजूऽ!" बाहेरून मामीची हाक आली, तशी तेजलने वळूनही पाहिलं नाही. "आई, सामना चालू आहे," एवढंच म्हणाली.

सात जणींनी हातात हात धरले. शेवटची चढाई उंबरदऱ्याची होती. त्यांची कर्णधार आली, तिने ओळीवरून नजर फिरवली आणि तिला हवं ते दिसलं. तेजलचे पाय दीड महिना दुमडलेले होते, ते अजून मोकळे झाले नव्हते. कर्णधाराने हात फेकला. तेजल हलू शकली नाही. प्रणोती दचकली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे दचकली. हात तिच्या खांद्यावर पडला.

शिवलेली जागा गरम लागली. एवढंच होतं ते.

चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गेली. पंच म्हणाले, "बाद." प्रणोती पट्टीकडे चालत गेली, बसली, आणि शेवटची शिट्टी झाली. चार-शून्य. मोरघळ हंगामातला सहावा सामना हरलं.

मामीने तेजलला कवटाळलं, तिचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, तिला डब्यातला शिरा भरवला. मग ती रेघेपाशी आली. तेजलसाठी आणलेली शाल तिने प्रणोतीच्या खांद्यांवर घातली आणि पुढून नीट आवळली.

"कोंडीबा," ती म्हणाली, "हिच्यापुढं रेघ सरळ मारत जा. तिला वेडंवाकडं चालत नाही."

पुढचा हंगाम सप्टेंबरात आहे. शमाचं लग्न ठरल्या तारखेला झालं. तेजल रोज दुपारी रेघेच्या अलीकडे बसून प्रणोतीचे केस विंचरते. सवयीने अजून ती आधी हळूच नाव घेते आणि मगच फणी लावते.

परवा मराठीच्या तासाला वाऱ्याने वर्गाचं दार दाणकन आपटलं. बाईंच्या हातून खडू पडला, मागच्या बाकावरच्या दोघी किंचाळल्या, तेजलने छातीवर हात ठेवला. मग सगळ्यांनी एकदमच पुढे पाहिलं. प्रणोती बसली होती. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर मध्यरेषेवर. बाईंनी खडू उचलला आणि तास पुढे चालू झाला.