कवडीचं उकडलेलं अंडं

कोंबडीच्या खाली एक अंडं ठेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. मंडल ऑफिसात दिवसभर या फायलीखालचा कागद त्या फायलीखाली ठेवणाऱ्या माणसाला हे काम जड जाऊ नये. पण गेलं.

आमचं घर तेलंगणातल्या तलमडुगूला, शेवटच्या गल्लीत. मागे परसात चार-सहा कोंबड्या असतात. त्यांत सगळ्यात जुनी कवडी. काळ्या अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, म्हणून कवडी. सकाळी मी परसात खुर्ची टाकून चहा पितो तेव्हा ती खुर्चीखाली येऊन बसते आणि मी ऑफिसातलं जे काही सांगतो ते मान वाकडी करून ऐकते. (माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं घरात तेवढंच एक माणूस.)

यंदा तिचं वय दिसायला लागलं. तुरा फिका पडला. संध्याकाळी बाकीच्या कोंबड्या फडफड करून दांडीवर चढत; ही दांडीकडे पाहायची, उडायचा विचार करायची आणि मग विचार बदलून खालीच टोपल्यापाशी बसायची. दाणे टाकले की तरण्या कोंबड्या तिला ढुसण्या मारून पुढे जात. दुपारी तर ती उभ्या उभ्या डुलक्या घेई. अंडी देणं केव्हाच थांबलं होतं.

हे सगळं माझ्या बायकोच्या, द्वारकाच्या, लक्षात येऊ नये अशी माझी इच्छा होती. माझ्या इच्छांचं घरात जे होतं तेच याही इच्छेचं झालं.

"पंधरा दिवसांनी पंढरी येऊन राह्यला बेल्लमपल्लीहून," एक दिवस ती म्हणाली. पंढरी तिचा धाकटा भाऊ, कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे. "कवडीचंच कालवण करू. नुस्ती खाऊन राह्यली. अंडं तं देत नाही."

"कोन म्हनते देत नाही? देते की!"

"मंग मले काऊन नाही दिसत?"

"तू उठाच्या आधी देत असंल."

द्वारकाने माझ्याकडे पाहिलं. "अंडं देत असंल तं नाही कापत. देत्या कोंबडीले मी हात नाही लावत. पन मले अंडं दिसलं पाह्यजे."

त्या संध्याकाळी ऑफिसातून येताना मी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या बयनाबाईकडून गावरान अंडी घेतली आणि डब्याच्या पिशवीत लपवली. सकाळी द्वारका उठायच्या आत एक अंडं कवडीच्या खाली सरकवलं. कवडी उठली. तिने अंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सही नसलेल्या दरखास्तीकडे आमचे साहेब पाहतात तसं. आणि बसली बिचारी.

"अवं, हिनं खरंच देल्लं!" द्वारकाचा ओरडा गल्लीभर गेला.

इथेच थांबता आलं असतं. पण कोंबडी एकदा अंडं देऊन थांबत नाही, त्यामुळे मलाही थांबता येईना. एक दिवसाआड मी बयनाबाईच्या दारात उभा.

"खुशालभाऊ, घरी कोंबड्या असून अंडी काऊन नेता?" तिने शेवटी विचारलंच.

"डॉक्टरनं सांगतलं," मी म्हणालो. तेव्हापासून ती मला बसायला पाट देऊ लागली आणि उठताना हात देऊ लागली.

घरी कवडीचे दिवस फिरले. द्वारका तिला वेगळी ज्वारी टाकू लागली, दुसऱ्या कोंबड्यांना हाकलून. पाठीवरून हात फिरवू लागली. "या वयात देऊन राह्यली माय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. त्यातच एका सकाळी कवडी धुण्याच्या दगडावर चढली, मान ताणली आणि चक्क आरवली. गंजलेल्या हातपंपासारखा आवाज, पण आरवणंच ते. बयनाबाई धावत आली. "कोंबडी आरवनं घराले चांगलं नसते. कापून टाक!"

"देत्या कोंबडीले कशी कापू?" द्वारका म्हणाली.

माझ्या अंड्यांनी कवडीला दुसऱ्यांदा वाचवलं. त्या दिवशी मी ऑफिसात जरा छाती काढून बसलो. (साहेबांनी विचारलं, पाठ दुखते का?)

मग पंढरी यायच्या दिवशी द्वारकाने कवडीचं म्हणून एक अंडं उकडून, सालीसकट, माझ्या डब्यात ठेवलं. "तुमच्या लाडकीचं हाय, तुमीच खा." मला ते खाववेना. स्वतःच आणलेल्या अंड्याचं कौतुक किती करायचं? ते तसंच पिशवीत परत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरी ओसरीवर झोपलेला, त्याला जाग येईल या भीतीने मी घाईघाईत पिशवीत हात घातला आणि हाताला आलं ते अंडं कवडीच्या खाली ठेवलं.

"पंढरी, आत्ताचं ताजं अंडं हाय, पोळी करून देते," म्हणत द्वारकाने ते तव्याच्या काठावर आपटलं. काही सांडलं नाही. पुन्हा आपटलं. मग साल काढली. आत पांढरंशुभ्र, घट्ट, गुळगुळीत.

"अवं माय! हे तं उकडेल हाय!"

पंढरीने ते हातात घेऊन दाबून पाहिलं. "ताई, आमच्या खदानीत असंच असते. वरून जमीन थंडगार अन् आत कोळसा पेटेल असते. हिच्या पोटात भट्टी लागली."

द्वारका परसात धावली. कवडीच्या पोटाखाली हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "अंग किती गरम हाय हिचं!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या तापात अंडं देऊन राह्यली माय. अन् मी हिले कापाले निघाली होती."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही.

"तुमी चूप राहा! आधी डॉक्टरीनीले बलवा."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेलुगू. बाजाराची मराठी त्यांना कळते, बोलतात हिंदीत. त्यांनी कवडीचा तुरा पाहिला, पाय पाहिले, चोच उघडून पाहिली, मग शेपटीखाली बोटं लावून चाचपलं.

"बुखार नहीं है अम्मा. मुर्गी का बदन गरम ही रहता. ये बस मुसलिदी है." मुसलिदी म्हणजे म्हातारी, एवढं तेलुगू आमच्या घरात सगळ्यांना येतं. "उमर हो गई, अंडे का काम बंद. फिर कोई कोई बांग भी देती. डरने का नहीं."

"पन अंडी तं देते ना ही!"

"ये? कब का बंद कर दी."

द्वारकाने माझ्याकडे पाहिलं. पंढरीने पाहिलं. कवडीनेसुद्धा पाहिलं.

"मंग अंडी कोनं देल्ली?"

"मी," मी म्हणालो.

पंढरी हसून हसून ओसरीवर आडवा झाला. डॉक्टरीणबाई पाठ फिरवून बॅग आवरत बसल्या. द्वारका मात्र हसली नाही. कवडीला उचलून पदराखाली घेऊन उभी राहिली.

"मले सांगतलं असतं तं काय झालं असतं?"

"तू कापलं असतं."

"हो. तवा कापलंच असतं," ती म्हणाली. "आता नाही कापत."

पंढरीला पिठलं मिळालं. त्याने तक्रार केली नाही, फक्त जेवताना मधूनमधून माझ्याकडे पाहून "भावजी, तुमी बसूनच राहा, उठू नोका," म्हणत राहिला. जाताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशी दांडी खाली आली, कवडीला मऊ खाणं सुरू झालं.

त्यानंतरच्या रविवारी मी परसात येऊन बसलो तर खुर्चीपाशी ज्वारीच्या कण्यांची वाटी तयार होती. मला बरं वाटलं. राग गेला म्हणायचा. मी पुसून खाल्ली.

"इथली वाटी कुठं हाय?" द्वारका बाहेर आली.

"खाल्ली. लय मऊ झाल्या कण्या. काय घातलं आज?"

"कवडीचं जंताचं औषध."

तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मी पोटावर हात ठेवून उभा. पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं.

"काय म्हनल्या?" मी विचारलं.

"काही नाही होत म्हने," द्वारका फोन ठेवत म्हणाली. "फक्त औषध उतरेपर्यंत, हप्ताभर, तुमची अंडी कोनी खाऊ नये."